तुरीची काडी

साखरा, संक्रांतीचा दुसरा दिवस, १९४८

"काडी मोडायला येळ लागत न्हाई, पोरी. मोडणाऱ्याला घरी आणण्यातच बाईचा जलम जातो."

नामाजी आबा हे माझ्या गोजरमावशीला म्हणाले होते. मी तेव्हा परकर नेसत होते आणि लिंबाखाली पंच बसले की काहीतरी गोड वाटतात या आशेनं तिथं जाऊन बसले होते. मावशीचा नवरा नागपूरच्या गिरणीत गेला होता. तिथं त्यानं दुसरं घर केलं होतं. कितीदा निरोप गेले, तेव्हा कुठं तो आला. त्यानं पंचांसमोर काडी मोडली, दोन्ही तुकडे पाठीमागं टाकले आणि मावशीला विचारलं, भाकर आहे का घरात? मावशीनं पाहुण्याला वाढावं तशी त्याला भाकर वाढली. पुढं तिनं दुसऱ्याशी पाट लावला आणि चांगली नांदली. मला आज तिचं ते वाढणं आठवतं. हात थरथरत नव्हता तिचा.

उत्तमराव, तुमचं नाव लिहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत तुम्हीच लिहून दिलेला आहे, तो मी नुसता उतरवते. आतलं नाव माझं मी लिहिलं.

तुमचं दसऱ्याचं पत्र पोचलं. तुम्हाला फोटो हवा आहे. मी, तुमची आई आणि मेंढरं, तिघंही एका फोटोत. परदेशी राहायचं तर तिथल्या कचेरीत दरवर्षी दाखवावं लागतं म्हणता, की या माणसाचं घर आहे, बायको आहे, हा शिकून परत जाणार आहे. मी आत्याबाईंना घेऊन हिंगोलीला गेले. फोटोवाला मेंढी आत घेईना, गालिचा घाण करील म्हणाला. शेवटी एक कोकरू आत्याबाईंच्या मांडीवर घेऊ दिलं. ते सारखं ओरडत होतं म्हणून फोटोत त्याचं तोंड हललेलं आहे. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्याला कळंल, हे जित्तं हाय." फोटो सोबत ठेवला आहे.

पत्रात तुम्ही तिकडच्या मेंढ्यांविषयी दोन पानं लिहिलीत. त्यांची लोकर, त्यांचा चारा, त्यांना टोचायची औषधं. मी आत्याबाईंना सगळं वाचून दाखवलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आन येनार कवा, ते न्हाई लिव्हलं?" मी पान उलटून पाहिलं. मला ठाऊक होतं मागं काही नाही, तरी त्यांच्यासाठी उलटलं.

म्हणून आता मीच विचारते. मला मुंबईची ती कचेरी आठवते. तुम्ही मला हिंगोलीहून रेल्वेनं तिथवर नेलंत, नवं लुगडं घेऊन दिलंत. मला वाटलं, निरोप द्यायला नेता आहात. पण मला साहेबासमोर बसवलंत. दुभाष्यानं विचारलं, बाई, हा माणूस परत येईल का? तुम्ही माझ्याकडं पाहत होता. मी म्हणाले, "येईल की. जाईल कुठं?" दुभाष्यानं ते सांगितलं तसा साहेब हसला आणि त्यानं तुमच्या पुस्तकावर शिक्का मारला. त्या व्हिसाचं पान तुम्ही वाटेत दोनदा उघडून पाहिलंत. मला तेव्हा अभिमान वाटला, माझ्या बोलण्यावर तुमचं काम झालं म्हणून.

मग तिकिटाच्या दुकानात त्या माणसानं तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. बाहेर आल्यावर मी म्हणाले, येतानाचं तिकीट कुठं आहे? तुम्ही म्हणालात, ते तिकडूनच काढायचं असतं.

येणार असाल तर तसं लिहा, मी वाट पाहीन. मला वाट पाहता येते. येणार नसाल तर एकदा या आणि काडी मोडून जा. विमानानं दोन दिवसांचीच वाट आहे, असं तुम्हीच आत्याबाईंना सांगून गेला होता.

इकडं टपालाचा भरवसा राहिलेला नाही. उत्तर वाशीमला, लोकर घेणाऱ्या गुलाबचंदच्या दुकानी पाठवा. तो पोचवील.

अनुसया


वाशीमकडची छावणी, आषाढ, १९४८

तुमचं उत्तर गुलाबचंदच्या दुकानी पडून होतं. ते मला आणून द्यायची वेळ आली नाही, मीच इकडं आले. वर छावणी लिहिलं आहे ते बघून घाबरू नका. सगळी सुखरूप आहेत.

रझाकारांची धाड शेजारच्या वाडीवर आली तेव्हा आम्ही भाकरी थापत होतो. गाव निघालं. मल्हारी मेंढरं घेऊन पुढं झाला. मल्हारी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही हैदराबादला जनावरांची डॉक्टरी शिकत होता, तेव्हापासून आपली मेंढरं त्याच्याकडं आहेत. त्याची बायको बाळंतपणात गेली. पैनगंगेला पाणी होतं. आत्याबाई म्हणाल्या, मला ठेवा इथंच, माझा लेक आला तर घरात कुणीतरी पाहिजे. मल्हारी म्हणाला, "म्हातारे, तुजा लेक वरून येनार हाय. वरून त्याला समदी नदी दिसती. ह्या काठाला बसली काय अन् त्या काठाला बसली काय." मग आत्याबाई हसल्या आणि त्याच्या खांद्यावर बसल्या. दोन कोकरं वाहून गेली. बाकी सगळं या काठाला आलं.

इथं वऱ्हाडात स्वराज्य येऊन वर्ष होत आलं. आम्ही अजून निजामाचेच. नदी ओलांडली की माणूस बदलतो का, असं एक पोलीस थट्टेनं विचारत होता.

आता तुमच्या उत्तराविषयी. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तुमचं अक्षर मला अजून आवडतं. मेंढरांवर खूण करायच्या गेरूनं तुम्ही माझ्यासाठी भिंतीवर अ काढला होता आणि म्हणाला होता, माझ्या माघारी तुला दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यायला नको. लिंपण किती झालं, पण तो अ पावसाळ्यात अजून वर येतो. त्याच हातानं तुम्ही लिहिलं आहे:

"काडी मोडणे ही रानटी चाल आहे. मी शिकलेला माणूस आहे, असल्या प्रकारांत मी भाग घेणार नाही. आता नवे राज्य येईल, नवे कायदे होतील, तेव्हा रीतसर पाहू. तोवर धीर धर. फोटो चांगला आला आहे, पण पदरामुळे मंगळसूत्र झाकले गेले. पुढच्या वेळी ते नीट दिसेल असे पाहा."

लग्नात हळद लावून घेतलीत, तळी भरलीत, पंचांच्या पाया पडलात. तेव्हा चाल रानटी नव्हती. बांधताना चालली आणि सोडताना रानटी झाली. मी तुमच्याइतकी शिकलेली नाही, मला हे समजावून सांगा. मी कायद्याची वाट कशी पाहायची? कोणत्या कचेरीत जाऊन बसायचं? इथं तर कचेरीतला माणूस कोणत्या राजाचा तेच कुणाला सांगता येत नाही.

आणि तुम्ही येणार का, हे याही पत्रात नाही. नाही म्हणालेलं आहे, पण फक्त काडीला.

मी काही लपवणार नाही. छावणीत बायका पाण्याला गेल्या की बोलतात. अनुसयेनं मल्हारीशी पाट लावावा, असं आत्याबाईंच्या तोंडावर बोलल्या. त्या घागर उचलून पुढं झाल्या. संध्याकाळी मल्हारी मेंढरं बसवून आला. त्याच्याही कानावर गेलं होतं. तो चुलीपासून लांब उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, म्या आत्ता काई बोलनार न्हाई. तुमाला मोकळं करतील तवा बोलंन. आत्ता बोललो तर दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू हाकलल्यावानी व्हईल." आणि भाकरी घेऊन गेला. त्याच्यानंतर त्या गोष्टीचं तो अक्षर बोललेला नाही. माझ्याकडं पाहतही नाही. न पाहणं किती दिसतं, ते मला इथं कळलं.

तुमची घोंगडी मी त्याला दिली. विमानतळावर तुम्हाला आणि तुमच्या सामानाला काट्यावर चढवलं होतं, ते आठवतं ना. वजन जास्त भरलं. तुम्ही पेटी उघडून पाहिलीत. पुस्तकं तशीच ठेवलीत, जोडे ठेवलेत. मग घोंगडी काढून माझ्या हातात दिलीत. कोकरांच्या पहिल्या लोकरीची होती, जावळाची. तेवढी लोकर जमवायला आत्याबाईंना किती हंगाम लागले हे तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी ती परत आणली, तेव्हा त्यांना सांगितलं, तिकडं यंत्रानं घर गरम ठेवतात, घोंगडी लागत नाही. त्यांना ते पटलं. इथं मल्हारी उघड्यावर भिजत होता, म्हणून दिली. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

अनुसया


साखरा, दिवाळी, १९४८

आम्ही घरी आलो. दार कुणीतरी सरपणाला नेलं आहे. भिंती आहेत.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. आत्याबाईंचं सांगायचं आहे.

भादव्यात फौजा निजामावर निघाल्या, तेव्हा छावणीवरून विमानं जायची. पहिल्या दिवशी आवाज आला तशी माणसं झाडाखाली पळाली. कुणी पोरांच्या अंगावर आडवं पडलं. आत्याबाई तेवढ्या उघड्या रानात गेल्या. मी हाका मारत होते, त्यांनी मागं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर काढून तो हलवत होत्या आणि ओरडत होत्या, "अरे हितं हाय म्या. साखऱ्याला नगं जाऊ, घरी कुनी न्हाई. हितं उतर." विमान गेलं. मग दुसरं आलं, त्यालाही तसंच. त्या प्रत्येकाला सांगत होत्या, घरी कुणी नाही.

कुणी हसलं नाही. मल्हारी गेला आणि त्यांच्या शेजारी उभा राहून तोही हात हलवू लागला. पुष्कळ वेळानं त्यांना हाताला धरून घेऊन आला. त्या खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "लई उंच व्हतं गं. दिसलो नसू."

त्या दिवसानंतर त्यांनी तुमचं पत्र आलं का, हे विचारलेलं नाही.

गावात आल्यावर मीच नामाजी आबांकडं गेले. ते आता फार थकले आहेत. मी सगळं सांगितलं. नवरा परदेशी आहे, येणार की नाही लिहीत नाही, आणि काडी मोडायला तयार नाही. पंच बसले. खूप वेळ बोलणं झालं. नवरा मेला असता तर बाई मोकळीच होती, असं एकजण म्हणाला. आबा म्हणाले, "पत्र येतंय म्हंजी जित्ता हाय." तो म्हणाला, पत्र काय, मेलेल्या माणसाचंही मागाहून येतं. शेवटी ठरलं ते असं. जो गेला आणि परतण्याचं बोलत नाही, त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो जाळायचा, आणि दहावं-बारावं करायचं. मग बायको रांडाव. मग तिनं पाट लावायला हरकत नाही. पण हे आईनं करू दिलं पाहिजे. आई जिवंत असताना तिच्या रडण्यावाचून पुतळा जळत नाही, असं आबा म्हणाले.

मी तिथंच म्हणाले, नको. मल्हारीही उठून म्हणाला, मला असलं मोकळेपण नको. आम्ही दोघं पंचांसमोर एकदम बोललो, म्हणून काहीजण हसले.

आत्याबाई बायकांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या रडते."

सगळे त्यांच्याकडं वळले. त्या म्हणाल्या, "तसं बी रोजच रडून राहिले. एक डाव मोठ्यानं रडते. माजी सून वाळून चालली माज्या डोळ्यादेखत. लेक तर काई यीना. एकाला तरी घरला येऊ द्या."

घरी येताना मी त्यांना म्हणाले, पुतळा जाळल्यावर तुमच्या लेकाची पत्रं या घरात वाचता येणार नाहीत. मेलेल्याची पत्रं वाचत नाहीत. आणि उद्या ते खरंच दारात आले तर तुमच्या हातचं पाणीसुद्धा त्यांना देता येणार नाही. त्या म्हणाल्या, मला ठाऊक हाय. मग थोडं चालल्यावर म्हणाल्या, "येताना तहान लागली आसंल तर तू दे. तू तवा दुसऱ्या घरची आसशील, तुला चालतंय."

मी पंचांकडून महाशिवरात्रीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. त्यांना सांगितलं, तोवर काडी येईल.

अनुसया


साखरा, चंपाषष्ठी, १९४८

दोन्ही पत्रांना मिळून तुमचं एक उत्तर आलं. एवढं लहान पत्र तुम्ही आजवर लिहिलं नव्हतं. पुतळ्याचं वाचून तुम्हाला लाज वाटली, असं लिहिलं आहे. आईची नव्हे, गावाची. अशा अडाणी लोकांत आपण जन्मलो हे तिकडं कुणाला सांगताही येत नाही म्हणता. कॉलेजानं तुम्हाला आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं आहे. त्यासाठी कचेरीत पुन्हा दाखवावं लागेल, म्हणून फोटो हवा आहे, आणि आतापुरतं कुणी काही मोडू नये. मोडलं तर परवानगी जाईल. आतापुरतं म्हणजे कुठवर, ते लिहिलेलं नाही.

सोबत तुम्ही तुमचा फोटो पाठवलात. बर्फात उभे आहात. तब्येत चांगली दिसते. स्वेटरचं कोपर उसवलं होतं, ते कुणीतरी फार निगुतीनं रफू केलेलं आहे. तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका. तो फोटो मी आत्याबाईंना दिला, त्यांनी तुमचं तोंड पाहिलं, कोपर पाहिलं नाही.

आज चंपाषष्ठी. खंडोबाची तळी उचलली. भंडार लावून झाल्यावर आत्याबाई विळा घेऊन ओढ्याकडं गेल्या. मला वाटलं, चारा आणायला. पळसाची पानं घेऊन आल्या. मुदतीला अजून वेळ आहे, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "थंडीत पानं गळत्यात. मागून कुठून आनायची?" ती पानं त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून उतरंडीमागं ठेवली आहेत. तुमची जुनी टोपीही काढून ठेवली आहे, पुतळ्याच्या डोक्याला. ती त्यांनी धुतली आहे. तारेवर वाळत असलेली टोपी मी येताजाता पाहते.

उत्तमराव, मी तुम्हाला बोल लावायला हे पत्र लिहीत नाही. बोल लावून झाले. मी तुमची अडचण समजून घेतली आहे आणि तिच्यावर उपाय काढला आहे, तो शेवटपर्यंत वाचा.

फोटो मी आधी पाकिटात घातला. हिंगोलीला जाऊन परवाच काढला. मंगळसूत्र वर काढलेलं आहे, कुंकू मोठं आहे. आत्याबाई आहेत. या वेळी फोटोवाल्यानं मेंढीसुद्धा आत घेऊ दिली, त्याचा गालिचा पळापळीत गेला म्हणून. हा फोटो तुमचा. काडी पाठवली नाहीत तरी तो परत मागणार नाही. तिथल्या कचेरीत मी तुमची बायकोच आहे, हवी तितकी वर्षं असेन. साहेबासमोर तुम्ही परत याल असं मी सांगितलं, ते मी खोटं पाडणार नाही. तिथं कुणी विचारलं तर तसंच सांगा. इकडून तिकडं सांगायला कोण येणार? लिंबाखाली काय झालं ते समुद्रापलीकडं ऐकू जात नाही. तुमच्या साहेबाच्या कागदावर मला राहू द्या, आणि इथं पंचांपुढं मोकळी करा. एवढंच माझं मागणं आहे.

नामाजी आबांना मी विचारून आले. नवरा आला नाही आणि त्यानं मोडलेल्या काडीचे तुकडे आले, तर चालतील का? ते म्हणाले, असं आजवर झालेलं नाही. मग विचार करून म्हणाले, "इमानात मानूस तरी कुठं आजवर बसला व्हता? तो वरून गेला, काडी वरून यीऊ दे. सोबत त्याच्या हातचं अक्षर आसलं म्हंजी बास." माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी नवी चाल पाडलेली नव्हती.

मल्हारी काल विचारत होता, उत्तर आलं का? एवढंच. मी म्हणाले, आलं, फोटोबद्दल आहे. मग म्हणाला, "मेंढरं हट्टा गावाकडं न्यावी म्हनतो. तिकडं चारा बरा हाय." शिवरात्रीपर्यंत तो इथून हलणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी त्याच्याशी सुखी होईन का, मला माहीत नाही. मी गोजरमावशीसारखी नाही, माझा हात थरथरतो. पण तो मेंढरं घेऊन कितीही लांब गेला तरी कोणत्या वाटेनं परत येईल हे मला सांगता येतं. मला तेवढं पुरेल.

सोबत एक काडी आहे. आपल्या बांधावरच्या तुरीची, आज सकाळी तोडलेली. तिकडं तूर नसेल, म्हणून इथूनच पाठवते. पंच नकोत, लिंब नको, पाठीमागं टाकायलाही नको. खोलीत एकटे असाल तेव्हा मोडा. शिकलेल्या माणसानं काय केलं हे कुणाला दिसणार नाही. दोन्ही तुकडे पाकिटात घाला आणि वर एक ओळ लिहा, की मोडली. आत्याबाईंना रडावं लागणार नाही. टोपी पुन्हा खुंटीवर जाईल. तुमचं पत्र आलं की मी वाटेल त्या घरातून येऊन त्यांना वाचून दाखवीन, मेंढ्यांची दोन्ही पानं.

तुम्ही पाठवणार नाही. हे लिहितानाच मला तुमचं उत्तर दिसतं आहे, रीतसर, कायदा, धीर. तरी मागते.

काडी अजून ओली आहे. तुमच्यापर्यंत पोचेतो वाळेल. मग मोडायला जोरही लागणार नाही. मोडा, उत्तमराव.

अनुसया